महांतप्पांचा विलायती वेल

धाराशिवात उन्हाळ्यात आडाच्या तळाशी पोहरा खरवडून पाणी काढावं लागे, अशा दिवसांत महांतप्पा पेशकारांनी आपल्या दाराशी एक वेल लावला. त्याला फळ नव्हतं, फूल नव्हतं, वास नव्हता. शेळी त्याला तोंड लावत नव्हती आणि महादेवाला तो चालत नव्हता. पाणी मात्र दोन्ही वेळा लागायचं. असा वेल दाराशी लावायला माणूस एकतर भलताच श्रीमंत असावा लागतो, नाहीतर परीक्षेला बसलेला. महांतप्पा परीक्षेला बसलेले होते.

आडाचं पाणी ओढायचं काम त्यांची बायको पार्वतम्मा करायची, त्यामुळं वेलाबद्दल तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

महांतप्पा मुळात वाईट माणूस नव्हे. निजामाच्या अमदानीत ते तहशिलीत साहेबापुढं कागद मांडणारे पेशकार होते आणि त्यांचं उर्दू अक्षर असं वळणदार होतं, की तहसीलदार मजकूर न वाचता सही ठोकत. कौलं उडाल्याचा अर्जसुद्धा महांतप्पांनी लिहिला तर आत गझल असावी असं वाटे. मग मुलूख हिंदुस्थानात आला, सगळ्यांनी पेढे खाल्ले, महांतप्पांनीही खाल्ले. पुढं मुलूख मुंबईच्या राज्याला जोडला गेला, तेव्हा परत पेढे आले. आणि त्याच्या पाठोपाठ हुकूम आला, की जुन्या नोकरांनी मराठीची आणि नव्या हिशेबाच्या कायद्यांची खात्याची परीक्षा द्यावी. जन्मभर उजवीकडून डावीकडं चालणारा हात सरकारनं एका कागदानं उलटा फिरवला. हात फिरला, पण डोकं काही फिरेना. महांतप्पा नापास झाले.

कचेरीत पुण्याकडून आलेली पोरसवदा कारकून मंडळी होती. ती त्यांना अजून ‘पेशकारसाहेब’ म्हणत, आणि म्हणताना एकमेकांकडं बघत. महांतप्पांना ते कळत असे. त्या दिवसांत ते घरी येऊन गुमान बसत, ताटातलं अर्धं ठेवून उठत, आणि एकच वाक्य बोलत, “आपल्या मुलखात काय दम न्हाय.” मुलखात म्हणजे जोंधळ्यात, पाण्यात, मातीत, बायकोच्या स्वयंपाकात, सगळ्यात. पार्वतम्माला स्वयंपाकाचं फार वाटत नसे. पण नवरा गप्प झाला की तिची भाकरी तव्यावर करपे, कारण हा माणूस ओरडण्यासाठीच जन्माला आला होता.

परीक्षेपायी घरात एक बंदी मात्र कडक लागू झाली. तोंडलं घरात आणायचं नाही. तोंडलं खाल्लं की बुद्धी जड होते, हे महांतप्पांना शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं, आणि मास्तरांनी सांगितलेल्यापैकी एवढंच त्यांच्या पक्कं ध्यानात राहिलं होतं. कचेरीतला कोण कोण तोंडलं खाऊन नापास झाला, हे ते नावानिशी सांगत. ते स्वतः कशानं नापास झाले, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही.

मग एकदा साहेबाच्या दौऱ्यात त्यांना पुण्याहून महाबळेश्वरला जायचा योग आला. तिथं त्यांनी इंग्रजाच्या वेळचा एक बंगला पाहिला. सगळा बंगला हिरव्या वेलानं झाकलेला. नाव काय, तर आयव्ही. ते परत आले ते एका पत्र्याच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी घेऊन. एसटीत डबा त्यांनी मांडीवर धरला होता आणि शेजारच्या बाईचं लेकरू त्यावर हात ठेवायला गेलं तर त्याला दटावलं होतं.

“तिकडं दरवाजा आन् खिडकी सोडली तर बंगल्याची भिंतच दिसत न्हाय,” त्यांनी पार्वतम्माला सांगितलं.

“मग चुना कशाला लावायचा?” तिनं विचारलं.

असल्या प्रश्नांना विलायतेत उत्तर नसावं. महांतप्पा खड्डा खणायला उठले.

वेलाची बडदास्त सुरू झाली. त्याच्या बुडाशी ओलं बारदान. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, आणि तेही फडक्यातून गाळून, कारण आडाच्या पाण्यात चुनखडी फार. चैत्र लागला तसा वेल मान टाकू लागला. महाबळेश्वरच्या धुक्यात वाढलेलं ते लेकरू, त्याला धाराशिवचं ऊन कसं सोसावं? महांतप्पांनी भिंतीत खुंटी ठोकली आणि आपली एकुलती एक छत्री उघडून तिला बांधली. वेल छत्रीखाली, आणि महांतप्पा भर उन्हात टोपीवर पंचा टाकून कचेरीला, असं तो सगळा उन्हाळा चाललं. गल्लीतले लोक जाता-येता वेलाची खुशाली विचारत. महांतप्पा ती मनापासून सांगत.

वैशाखात त्यांना महिनाभर औरंगाबादेला ट्रेनिंगला जावं लागलं. जाताना त्यांनी पार्वतम्माला लेक सोपवावी तसं बजावलं, “एकवेळ माझ्या कपड्याला इस्तरी न्हाय झाली तर चालंल. वेलाला जप.”

आता घर म्हणजे काही बंगला नव्हे. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं सपाट माळवद. पावसाळ्याच्या आधी माळवदावर पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणातली, खारवट माती टाकायची, म्हणजे वर गवत उगवत नाही आणि घर गळत नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. दरसाल पार्वतम्मा ही माती टाकून घ्यायची. त्याही साली गाढवांवरून माती आली आणि नेहमीच्या जागी, भिंतीच्या बुडाशी, तिचा ढीग पडला. पार्वतम्मा त्या वेळी भाकरी थापत होती. माणसांनी तिथंच चिखल कालवला, घमेली वर चढवली, उरलेलं खारं पाणी तिथंच ओतलं आणि गेली. नेहमीच्या जागी त्या साली वेल आहे, हे कुणाच्या मनातच आलं नाही. खरं तर पार्वतम्माच्याही नाही.

आठवण आली तेव्हा ती धावत बाहेर आली, हातानं माती उपसली. छत्री जागच्या जागी होती. छत्रीखाली एक काळी काडी होती. गवताला मारणाऱ्या मातीनं विलायती-गावठी असा भेद केला नव्हता.

पार्वतम्मा उंबऱ्यावर बसून रडली. वेलासाठी नव्हे. तिच्या डोळ्यांपुढं नवरा आला, औरंगाबादेहून परत आलेला, काडीकडं बघणारा आणि गप्प होणारा.

शेजारची फरिदाबी भिंतीवरून सगळं बघत होती. ती खाली उतरून आली. तिनं काडी मोडून पाहिली, हुंगली, आणि फेकून दिली.

“ह्याचं पान कसं व्हतं, पार्वतम्मा?”

“पाच कोनांचं. हिरवं.”

“इत्तंच? हौ, मग माझ्या परसात हाय ना,” फरिदाबी म्हणाली. “तुमी फिकर नक्को करू.”

फरिदाबीच्या परसात होती ती तोंडली. पान पाच कोनांचं, हिरवं, आणि माणसानं वेल न बघता नुसता वेलाचा अभिमान बाळगला असेल, तर थेट महाबळेश्वरचं. दोघींनी खारी माती खणून काढली, खड्ड्यात शेणखत आणि काळी माती भरली आणि तोंडलीची मुळासकट चांगली जाड फांदी लावली. पार्वतम्माला राहून राहून घरातली बंदी आठवत होती. बाकीच्या भाज्या सोडून नेमकी तोंडलीच. पण पानाला दुसरं काही जुळत नव्हतं. कारल्याचं पान फारच फाटकं.

महांतप्पा परत आले तेव्हा वेल छत्रीच्या वर जाऊन खुंटीला विळखा घालून बसला होता. ते रस्त्यातच थबकले. पिशवी खाली ठेवली. पार्वतम्मा दाराआडून बघत होती, देवाचं नाव कन्नडमधून घेत होती, कारण माहेरच्या भाषेत देव लवकर ऐकतो असा तिचा समज होता.

“रुजला,” महांतप्पा म्हणाले. “आखरीला आपल्या मातीशी जमवून घेतलं त्यानं.”

पुढं वेल असा फोफावला, की त्याला काय करू नि काय नको असं त्यांना झालं. थोडी पंचाईत होती. आयव्ही म्हणे भिंतीला आपोआप चिकटते, ह्या वेलाला मात्र सुतळ्या बांधाव्या लागत. महांतप्पांनी त्याचाही उलगडा केला. त्याला घडीव दगडाची सवय, मातीची भिंत त्याला कमीपणाची वाटते. पान पातळ का? इथली हवा. पांढरी फुलं कशी आली? पाणी जास्त झालं. विद्वत्तेचा एक फायदा असतो, समोर काहीही उगवलं तरी ती खचत नाही.

फळाला मात्र उलगडा चालला नसता. तोंडल्याचं पान न ओळखणारा माणूसही तोंडलं ओळखतो. म्हणून पार्वतम्मा तांबडं फुटायच्या आधी उठून शिडी लावायची, दिसेल ते तोंडलं खुडायची आणि पदरात घेऊन फरिदाबीच्या घरी नेऊन ओतायची. घरात शिजवायची सोय नव्हती, फोडणीच्या वासानं नवरा जागा झाला असता. फरिदाबी ती गल्लीत वाटायची. हळूहळू सगळ्या गल्लीला कळलं आणि सगळी गल्ली तोंडली खाऊ लागली. कोपऱ्यावरची हरणाबाई भाजी विकायची, तिचा धंदा बसला तेव्हा तीसुद्धा चार शिव्या देऊन अखेर आपला वाटा न्यायला लागली. महांतप्पा संध्याकाळी वेलाखाली खाट टाकून नव्या हिशेबाचे कायदे मोठ्यानं पाठ करत, आणि त्यांच्या वेलाची भाजी घराघरांत रटरटत असे. गल्लीत कुणी तोंड उघडलं नाही ते फक्त एका कारणानं, आणि ते कारण दया होतं असं समजायला हरकत नाही. तोंडात भाजी होती हेही खरं.

दुसऱ्या परीक्षेतही महांतप्पा नापास झाले. पण या वेळी ते तितके गप्प झाले नाहीत. वेल होता ना. कचेरीत कुणी पेशकारसाहेब म्हणून हसलं, की ते आयव्हीचा विषय काढत, आणि आयव्ही म्हणजे काय हे त्या पोरांनाही नीट ठाऊक नसल्यानं हसणं थांबे. पार्वतम्माला हे समजलं होतं. ह्या माणसाला आता एका तोंडलीचा आधार होता, आणि ती तोंडली आहे हे त्याला कळता कामा नये.

आणि मग कचेरीत नवे साहेब आले. पुण्याचे, बागेचे शौकीन. त्यांच्या सरकारी बंगल्याच्या काळ्या भिंती त्यांच्या डोळ्यांत खुपत होत्या. महांतप्पांच्या आयव्हीची वार्ता त्यांच्या कानावर गेली आणि ते म्हणाले, रविवारी चहाला येतो.

महांतप्पा त्या दिवशी घरी उडत आले. पार्वतम्मा मात्र खाली बसली. साहेबानं नुसतं ‘ही तर तोंडली’ म्हटलं, की सोमवारी कचेरीत काय होईल ते तिला लख्ख दिसत होतं. पेन्शनीपर्यंत पुरेल एवढं हसू त्या पोरांना मिळणार होतं. आणि नवरा परत उंबऱ्याच्या आत येऊन अर्धं ताट ठेवून उठणार होता, जन्मभर.

रविवारी तिनं पहाटे शिडीवर चढून वेल असा धुंडाळला, की एक कळीही ठेवली नाही. फरिदाबी खालून बोट दाखवत होती. फक्त माळवदाच्या कडेला, पन्हाळीच्या मागं, शिडी पोचत नव्हती.

साहेब आले. वेलाखाली, फरिदाबीच्या घरून आणलेल्या खुर्ची-टेबलाशी बसले. चुरमुऱ्याची सुशीला खाल्ली, चहा घेतला, मान वर करून वेलाकडं पाहिलं आणि म्हणाले, “वा. अस्सल आयव्ही. थोडी वेगळी जात दिसते.”

“इथल्या हवेनं, साहेब,” महांतप्पा म्हणाले.

“तेच म्हणतो मी,” साहेब म्हणाले. त्यांनाही आयव्हीची माहिती बरीच असावी.

इतक्यात वर माळवदाच्या कडेला राघूंचा कलकलाट झाला आणि एक लालभडक, अर्धं कुरतडलेलं तोंडलं टपकन टेबलावर, साहेबांच्या कपबशीशेजारी पडलं.

पार्वतम्मा दारात उभी होती. साहेब अजून वरच बघत होते. आणि महांतप्पांनी टेबलाकडं पाहिलं. मग त्यांनी जे केलं, ते निजामाच्या राज्यात केलं असतं तर नोकरी गेली असती. वरिष्ठांपुढं उघड्या डोक्यानं ते जन्मात उभे राहिले नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या तोंडल्यावर ठेवली.

“उकडतंय फार,” ते म्हणाले.

“काय पडलं हो?” साहेबांनी विचारलं.

“पाखरानं कुठनं तरी काय आणलं, साहेब.”

साहेब उठले. जाताना म्हणाले, उद्या पट्टेवाल्याला पाठवतो, एक फांदी द्या, बंगल्याला लावू. महांतप्पांनी उघड्या डोक्यानं त्यांना वळणापर्यंत पोचवलं.

परत येऊन त्यांनी टोपी उचलली. तोंडल्याकडं पाहिलं. मग मान वर करून वेलाकडं पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी तो दुसऱ्यांना दाखवला होता, स्वतः आज पाहिला.

“अगं, हे कुठल्या येलाचं?”

“तुमच्या,” पार्वतम्मा म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं. माळवदाची माती, काळी काडी, फरिदाबीची फांदी, शिडी, पदर. सांगताना एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढं बोलवलं नसतं.

“गल्लीला ठाव हाय?”

“व्हय. गल्लीच तर खाती.”

महांतप्पा खाटेवर बसले आणि गप्प झाले. पार्वतम्मा उभी राहिली. ओरडा की, तिला म्हणावंसं वाटत होतं. काठी घ्या, वेल उपटा, मला माहेरी धाडा, पण गप्प नका बसू.

“म्हंजे म्या रोज तोंडलीखाली बसून अभ्यास केला,” वेलाकडं बघत ते म्हणाले.

“व्हय.”

“तिचा वारा घेतला. सावलीत बसलो.”

“व्हय.”

“मग पास कसा व्हणार?”

आणि त्यांच्या तोंडावर अशी काही कळा आली, की जणू सरकारनं आपली चूक दुरुस्त केली. हिशेबाचे कायदे नव्हे, मराठीचा निबंध नव्हे, पोरसवदा कारकून नव्हेत. तोंडली. इतक्या वर्षांच्या संसारात पार्वतम्मावर पुष्कळ आळ आले होते, पण हा आळ तिनं जसा आनंदानं अंगावर घेतला तसा दुसरा कुठला घेतला नव्हता.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली.

“तुझंच,” ते म्हणाले. मग पाय लांब करून बसले. “आता परीक्षा न्हाय द्यायची. सरकारला पेशकार नगं आसंल तर नगं. बुद्धी जड व्हायला आता राहिलं काय? कर भाजी.”

फरिदाबीकडं सकाळी ओतलेली तोंडली तशीच होती. पार्वतम्मानं ती आणली, काळं तिखट आणि शेंगदाण्याचं कूट घालून परतली. त्या घरात इतक्या दिवसांनी तोंडल्याची फोडणी बसली, आणि तो वास ओळखून गल्लीत माणसं दारात येऊन उभी राहिली. महांतप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, परत मोडला. ताट पुसून झाल्यावर त्यांनी वाटी पुढं केली.

“आपल्या मातीत चव हाय,” ते म्हणाले.

पार्वतम्मा वाढायचं निमित्त करून चुलीकडं तोंड फिरवून बसली. तिला रडू आलं होतं आणि धुराचं कारण तयार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा पट्टेवाला नागप्पा आला. पार्वतम्मा नुकतीच शिडीवरून उतरली होती. लपवायचं आता काही नव्हतं, पण हाताची सवय सुटली नव्हती, पदर तोंडल्यांनी भरलेला होता. ती दाराआड सरकली. महांतप्पांनी स्वतः मुळासकट फांदी काढली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घातली. डबा तोच होता.

“साहेबास्नी म्हणावं, जपा. विलायती हाय. सुतळ्या बांधायच्या, मातीत लागत न्हाय लवकर.”

“फळ येतं का, इचारलंय साहेबांनी,” नागप्पा म्हणाला.

“फळ?” महांतप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. “म्या तर कालपतुर एक न्हाय बघितलं. इचार आमच्या घरात.”

नागप्पानं दाराकडं पाहिलं. पार्वतम्मानं पदर घट्ट धरला आणि नवऱ्याकडं पाहिलं. तो हसत नव्हता, पण ओठ मिटून धरायला त्याला कष्ट पडत होते. कचेरीतलं जे हसू ह्या घरात येणार होतं, ते डब्यात भरून हा माणूस साहेबाच्या बंगल्यावर धाडत होता.

“एक बी न्हाय,” ती म्हणाली.

नागप्पा डबा पोटाशी धरून निघाला. पलीकडं भिंतीवरून फरिदाबी तोंडात पदर कोंबून बघत होती. तो गल्लीच्या वळणापर्यंत गेला असेल, तेव्हा महांतप्पांनी त्याला मागून हाक मारली.

“आन् उन्हाळ्यात,” ते म्हणाले, “त्याला छत्री लावा म्हणावं.”